भाऊबिजेची चार चाकं

माझ्या भावाने भाऊबिजेला मला ओवाळणीत चार चाकं दिली. साडी नाही, पाकीट नाही, चाकं. ताटातलं निरांजन विझलंही नव्हतं आणि हा अंगणातून हाका मारत होता, "आक्का, बाहेर ये. डोळे मिटून ये."

डोळे उघडले तर अंगणात पोत्यावर चार मोठी चाकं मांडलेली. काळीभोर, चकचकीत, पाकळ्या-पाकळ्यांची. त्यांच्याभोवती टायर होते, पण इतके बारीक की आधी मला दिसलेच नाहीत.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. हिंजवडीत एका कंपनीत आहे आणि गाड्यांचा नादिष्ट आहे. त्याने स्वतःच्या गाडीला आणखी मोठी, नवी चाकं घेतली होती आणि ही जुनी चाकं जपून माझ्यासाठी ठेवली होती. आमच्या दोघांच्या गाड्या एकाच कंपनीच्या, त्यामुळे नटांची भोकं जुळत होती. माझी गाडी साधी, छोटी, राखाडी. चाकं चौदा इंची, लोखंडी, वर प्लास्टिकची टोपणं, त्यातलं एक केव्हाच पडलेलं. मी आरोग्यसेविका आहे. लसीचा डबा घेऊन कोळवणच्या खोऱ्यातल्या गावांना जाते. चाळिशी ओलांडल्यावर गाडी शिकले आणि गेली सात वर्षं त्याच गाडीने त्याच रस्त्यांवर फिरते आहे. तिच्या चाकांकडे मी कधी पाहिलं नव्हतं. हवा भरताना पाहायची, तेवढंच.

"सतरा इंची आहेत," भाऊ म्हणाला. "लूक बघ गाडीचा आता."

त्याने स्वतः जॅक लावला आणि तासाभरात चारही चाकं बदलली. डिकीतली स्टेपनी मात्र जुनीच राहिली. माझा नवरा ओट्यावर बसून बघत होता. आमची शेती आता थोडीच राहिली आहे. मागच्या खोल्या उरवड्याच्या कारखान्यांतल्या कामगारांना भाड्याने दिल्या आहेत, त्यांचं हे बघतात. सगळं झाल्यावर त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "नुसती चाकंच दिसत्यात. टायर कुटं हाय?"

"दाजी, हीच फॅशन आहे," भाऊ म्हणाला.

"आसंल. पन आपल्या रस्त्याला सांगितलीय का कुनी फॅशन?"

आम्ही हसलो. भावाने मला गाडीत बसवलं आणि घोटवड्यावरून हिंजवडीच्या रस्त्याला लावलं. त्या पहिल्या फेरीत मला जो धक्का बसला तो आनंदाचा होता, हे कबूल केलं पाहिजे. चांगला, सपाट रस्ता लागला आणि मी स्टिअरिंग नेहमीसारखं फिरवलं, तर गाडी माझ्या आधी वळली. माझ्या जुन्या गाडीला वळणावर सांगितलेलं कळायला क्षणभर लागायचं. आधी ती अंग कलवायची, मग वळायची. ही लगेच वळली. बोटभर हलवलं की बोटभर.

"काय झालं हे?" मी विचारलं.

भावाने आपल्या तळहाताने दाखवलं. टायरची बाजूची भिंत उंच असली की वळताना ती आधी दबते, वाकते, मग गाडी वळते. भिंत बुटकी असली की वाकायला काही राहतच नाही. चाक मोठं, टायर बारीक. बाहेरून मोजलं तर उंची जवळजवळ तीच, पण आत रबर कमी आणि धातू जास्त. मला ते पटलं. परत येताना मी गाणं गुणगुणत होते.

पौडच्या अलीकडे पहिला गतिरोधक आला आणि माझे दात एकमेकांवर आपटले.

पुढचे दहा-बारा दिवस मी कोणाला काही बोलले नाही. भावाने हौसेने दिलेली वस्तू. पण गाडी माझी राहिली नव्हती. रस्त्यातला प्रत्येक खडा मला कमरेत कळायचा. डंपरच्या चाकांनी डांबरात पडलेल्या खोबणी पूर्वी मला ठाऊकही नव्हत्या. आता गाडी त्या खोबणींत शिरायची आणि स्टिअरिंग आपोआप एकीकडे ओढायची. लसीचा डबा मी मागच्या सीटवर पट्टा लावून ठेवते. तो आता सारखा खडखडायचा आणि माझा जीव त्या बाटल्यांत अडकलेला असायचा. शेवटी मी एक उपाय केला. पेट्रोलपंपावर हवावाल्याला म्हटलं, "चारी चाकांतली हवा जरा कमी कर." त्याने विचारलं, किती. म्हटलं, मऊ लागेल इतकी. त्याने केली. खरंच थोडं मऊ लागलं. माझी मलाच शाबासकी दिली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी खोऱ्यातल्या एका गावात लसीकरण होतं. सकाळचे दहा वाजले असतील. लख्ख ऊन. भातं कापून झाली होती, खाचरं मोकळी पडली होती. माझ्या शेजारी त्या गावची आशा कार्यकर्ती बसली होती, यादी वाचत होती, कोणत्या पोराचा कोणता डोस राहिलाय ते. मी ताशी चाळीसच्या वर नव्हते. एका मोरीनंतर डावीकडे वळण आहे, ते पाठ असलेलं वळण. समोरून फार्महाऊसकडची एक जीप आली, रस्त्याच्या मधून. मी सात वर्षं अशा वेळी जे करत आले तेच केलं, डावी चाकं डांबराच्या खाली उतरवली. पावसाने तिथली कड खाल्लेली. डांबर आणि माती यांत चार बोटांची पायरी, आणि खाली मोरीचा एक दगड वर आलेला. जुन्या गाडीने मी त्यावरून शंभरदा गेले असेन. 'धप्प' व्हायचं आणि पुढे.

या वेळी 'फाट्' असा आवाज झाला. मला वाटलं कोणीतरी बंदूक उडवली. स्टिअरिंग माझ्या हातातून असं हिसकलं गेलं की अंगठा मुरगळला. गाडी डावीकडे खेचली गेली, रस्ता सोडून बांधावर चढली, आणि समोर मेंढरं होती. रिकाम्या खाचरात बसवलेला अख्खा कळप. आणि कळपाच्या पुढे, माझ्या बॉनेटच्या अगदी समोर, हिरवं लुगडं नेसलेली एक म्हातारी, काखेत कोकरू घेऊन उभी.

ब्रेक मी दाबला होता का, आठवत नाही. आशाताई सांगते की दाबला होता. फुटलेल्या टायरचं चाक मातीत रुतलं आणि गाडी थांबली. मेंढरं दोन्ही बाजूंनी फुटून पळाली. म्हातारी जागची हलली नाही. बॉनेट आणि तिच्यात हातभर अंतर होतं. एका हाताचं. तिने हात लांब केला असता तर तो बॉनेटला लागला असता.

मी तिच्याकडे पाहत राहिले. ती माझ्याकडे. कानांत एकसारखी शिट्टी वाजत होती. शेजारी आशाताई "बाटल्या, बाटल्या," असं काहीतरी म्हणत होती. मग म्हातारीचे ओठ हलले. काच बंद होती, ऐकू आलं नाही. तिने पुढे येऊन बोटाने काच वाजवली. मी खाली केली.

"नर्सबाई न्हवं का तुमी?" ती म्हणाली. "माज्या नातीला टोचायला येता त्या?"

तेव्हा मी तिला ओळखलं. पलीकडच्या मेंढपाळांच्या वस्तीवर मी दर महिन्याला जात होते, तिच्या नातीला टोचलं होतं. तिच्या हातचा चहा प्यायले होते. मला दार उघडता येईना. हात दाराच्या कडीवर होता पण कडी ओढायची कशी ते सुचेना. म्हातारीनेच दार उघडलं, मला दंडाला धरून बाहेर काढलं, बांधावर बसवलं. कोकरू खाली सोडलं आणि आपल्या बाटलीतलं पाणी माझ्या तोंडाला लावलं.

"प्या. दम घ्या. कुनाला काय झालं न्हाई."

मी बाटली रिकामी केली.

जीपवाला थांबला होता. फार्महाऊसवर ड्रायव्हर असलेला मध्यम वयाचा माणूस. तो हळहळला, म्हणाला मी मधून यायला नको होतं. गाडी बाहेर काढून स्टेपनी लावून ठेवतो, तुम्ही जा, असंही तोच म्हणाला. अंगणवाडीत बाया पोरं घेऊन बसल्या होत्या आणि पौडकडून एस.टी. येत होती. आशाताईने हात केला. डबा उघडून पाहिला, एकही बाटली फुटली नव्हती. तो मांडीवर घेऊन मी एस.टी.त बसले.

अंगणवाडीत पहिलं बाळ समोर आलं, मी सिरिंज हातात घेतली आणि सुई थरथरताना दिसली. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. मी सिरिंज ठेवून दिली आणि म्हटलं, "अर्धा तास थांबा." कोणी कुरकुर केली नाही. आशाताईने तोवर सगळ्यांना सगळं सांगून टाकलं होतं. कोणीतरी साखर घालून चहा आणला. अर्ध्या तासाने हात स्थिर झाला, मग एकामागून एक सगळ्यांना लस दिली.

दुपारी परत आले तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी, स्टेपनी लावलेली, आणि म्हातारी शेजारी सावलीत बसलेली. जीपवाला काम उरकून गेला होता. ती मात्र गाडीजवळ राखण बसली होती. मेंढरं पलीकडे चरत होती. "आता हळू जावा," एवढंच म्हणाली.

तिथून टायरच्या दुकानापर्यंतचा रस्ता मी विसरणार नाही. पुढच्या डाव्या बाजूला माझं जुनं चौदा इंची चाक, उरलेली तीन सतरा इंची. उंची सारखी, त्यामुळे गाडी तिरकी वगैरे दिसत नव्हती. पण स्टिअरिंग धरल्यावर डाव्या हाताला एक गाडी आणि उजव्या हाताला दुसरी. खड्डा डाव्या चाकाखाली आला की तो कुठेतरी मधेच जिरून जायचा. तोच खड्डा उजवीकडे आला की मनगटापर्यंत ठोका. ब्रेक दाबला की गाडी एकीकडे ओढायची. ताशी वीसच्या वर मी गेले नाही. मागून हॉर्न वाजत राहिले.

टायरवाले काका पिरंगुटला आहेत, साठीच्या पुढचे. त्यांनी फुटलेला टायर रिमवरून उतरवला आणि मला जवळ बोलावलं. टायरच्या भिंतीला दोन चिरा होत्या, शेजारी शेजारी, सुरीने कापल्यासारख्या.

"सिस्टर, हे टायर दगडाने न्हाई कापलं," ते म्हणाले. "ह्याच चाकाने कापलं. खाली दगड, वर रिम, मधी टायर. आडकित्त्यात सुपारी."

मग त्यांनी माझा जुना टायर शेजारी उभा केला आणि दोन्हींच्या भिंतींवर हात ठेवून दाखवलं. एकावर त्यांची सात बोटं मावत होती, दुसऱ्यावर जेमतेम पाच.

"तुमच्या रस्त्याचा मार ही सात बोटं खात व्हती. तुम्हाला कळत नव्हतं, कारण कळू देत नव्हती."

मला एकदम गुडघे आठवले. गुडघ्यातली गादी झिजली की हाडावर हाड घासतं, हे मी बायांना रोज समजावते. इतकी वर्षं मी स्वतः ज्या गादीवर बसून फिरत होते ती रबराची भिंत होती आणि मला तिचं नावही ठाऊक नव्हतं.

काकांनी बाकीच्या चाकांची हवा मोजली आणि मान वर केली. "हवा कुनी कमी केली?"

"मी," मी म्हणाले. "मऊ लागावं म्हणून."

त्यांनी हवा मोजायचं यंत्र खाली ठेवलं. मग सावकाश म्हणाले, "बारीक टायरला हवा कमी म्हंजे भिंत हाय ती बी गेली."

सकाळपासून मी मनातल्या मनात भावाला बोल लावत होते. ते तिथल्या तिथे थांबलं. दगड होता, जीप होती, बारीक टायर होते, पण शेवटची पाच बोटं मी स्वतः काढून टाकली होती, पंपावर उभी राहून, शाबासकी घेत.

काकांनी बाकीची तिन्ही चाकं उतरवली, आतून तपासायला. मागच्या उजव्या चाकाची आतली बाजू त्यांनी रॉकेलच्या फडक्याने पुसली, आणि परत पुसली. मग नखाने खरवडलं. काळा रंग निघाला. खाली वीतभर लांबीची एक उंच रेघ होती, सुरवंटासारखी.

"वेल्डिंग हाय," ते म्हणाले. "चाक आधी तडकलेलं हाय कधीतरी. जोडून वरनं रंग मारलाय. हे गाडीला लावलंच कसं कुनी?"

मी भावाला फोन केला. काय झालं ते धड सांगता आलं नाही, "पिरंगुटला ये," एवढंच म्हणाले. हिंजवडीतून निघायला त्याला किती वेळ लागतो मला माहीत आहे. पाचच्या सुमाराला पोचला, घामाघूम. आधी मला नखशिखान्त पाहिलं. लागलंय का, लागलंय का, चारदा विचारलं. मग काकांनी ते चाक त्याच्यासमोर धरलं.

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. त्यानेही ती चाकं कोणाकडून तरी वापरलेलीच घेतली होती, स्वस्तात मिळाली म्हणून खूश होता. आतून कधी पाहिलीच नव्हती. तो रचलेल्या टायरांवर बसला. बराच वेळ त्या रेघेवरून बोट फिरवत होता.

"आक्का," तो म्हणाला, "मी ह्याच चाकांवर दोन वर्षं… एक्स्प्रेसवेला एकशेवीसने… छोटी मागे बसलेली असायची." छोटी म्हणजे त्याची मुलगी, चार वर्षांची.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग तो उठला आणि काकांना म्हणाला, "घण आहे का? हे चाक मला तोडायचंय. नाहीतर परत कोणीतरी रंग मारून विकेल."

काकांनी घण दिला. भावाने चाक आडवं टाकलं आणि मारलं. पहिल्या घावाला चाक नुसतं उडालं. दुसऱ्या घावाला कडाक्कन आवाज झाला आणि त्या रेघेवरून ते फाटलं. आम्हाला वाटलं होतं वेळ लागेल. काकासुद्धा मागे सरकले. भावाच्या हातातून घण खाली पडला. दोन घाव. पडलेल्या घणाकडे पाहत त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि मी त्याला लहानपणानंतर पहिल्यांदा रडताना पाहिलं.

फोन करून मी नवऱ्याला जुनी चाकं आणायला सांगितली. ते म्हणाले, "आनतो, पन येक जरा शोधावं लागंल." तीन घरी सापडली, चौथं त्यांनी पेंढ्याच्या गंजीवरची ताडपत्री उडू नये म्हणून वर टाकलं होतं. टेम्पोत घालून घेऊन आले. त्यांनी भावाचा चेहरा पाहिला. फक्त त्याला म्हणाले, "चल, जेवायला घरी."

पंधरा दिवसांनी त्या म्हातारीच्या नातीचा डोस होता. भावाने सुट्टी काढली आणि माझ्याबरोबर आला. त्याला म्हातारीला भेटायचं होतं. मोरीजवळ आलो तसा माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. समोरून काही येत नव्हतं, गाडीला माझीच जुनी चाकं होती, तरी मी जवळजवळ थांबलेच. अजूनही तिथे माझं तसंच होतं.

वस्तीवर म्हातारी चुलीपुढे होती. भावाने तिच्या पायाला हात लावला. मी तोवर भेटेल त्याला सांगितलं होतं की ती बाई किती धीराची, गाडी अंगावर येत असताना हलली नाही, कोकराला घट्ट धरून उभी राहिली. तिच्यासमोरही तेच म्हणाले.

ती मोठ्याने हसली. "कसला धीर, बाई! पाय उचलंनात माजे. पळ म्हनत व्हते पायाला, ऐकतोय कुटं." मग हसू थांबलं. लाकूड चुलीत सारत ती म्हणाली, "आन तुमचं त्वांड बगितलं काचेतनं. मला वाटलं, ह्या बाईचा जीव गेला वाटतं. म्हनून काच वाजीवली."

एवढे दिवस मी डोळ्यांपुढे आणत होते ते तिचं मरण. ती त्याच काचेतून माझं पाहत होती.

नात रांगत आली आणि माझ्या पिशवीला लोंबकळली. भावाने तिला मांडीवर घेतलं, तिची मांडी घट्ट धरून ठेवली. मी डबा उघडला, बाटली हातात घेतली, तारीख वाचली. सुई टोचल्यावर पोरीने जो गळा काढला तो साऱ्या खोऱ्यात गेला असेल.